शेजारचं बंद मकान घ्यायचंय पण मालकच सापडत नाही (बडोदा, जुनं शहर)

ओटल्यावरची
नमस्कार मंडळी. वाचते रोज, लिहिते आज पहिल्यांदा. आम्ही बडोद्यात जुन्या शहरात राहतो, दांडिया बाजारापासून चालत पाच-सात मिनिटं. पोळेतलं (जुन्या घरांच्या अरुंद गल्लीतलं) मकान आहे, आजेसासऱ्यांनी घेतलेलं. आमच्या डाव्या हाताचं मकान वीस वर्षं बंद आहे. तिथे माई राहायच्या, त्या २००६ च्या पावसाळ्यात गेल्या. मुलगा आला होता, सगळं आटोपलं आणि जाताना माझ्या सासूबाईंच्या हातात किल्ली देऊन गेला की काकू अधूनमधून दार उघडून हवा खेळू द्या, मी दिवाळीला येतो. तो आला नाही. दोन-तीन वर्षं फोन यायचा, मग तो नंबरच बंद झाला.

मधली भिंत सामाईक आहे. त्यांचं मागचं छप्पर बसलंय, पाणी सरळ भिंतीत मुरतं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा आमच्या पोळेत नदीचं पाणी नाही शिरलं पण त्या चार दिवसांच्या पावसात आमच्या स्वयंपाकघराची भिंत हात लावला तर ओली लागायची, ओट्यामागचा गिलावा पडला. वर पिंपळ उगवलाय, मुळं विटांच्या सांध्यात गेलीयेत. मागच्या वर्षी कॉर्पोरेशनच्या निर्भयता शाखेची (धोकादायक इमारतींचं बघते ती) नोटीस त्यांच्या दारावर चिकटवून गेले, वाचणार कोण, दाराला कुलूप.

आम्हाला ते मकान विकत घ्यायचंय. मुलाचं लग्न झालं, जागा पुरत नाही आणि सासऱ्यांना ही पोळ सोडायची नाही, ८४ वय आहे त्यांचं, मी पण त्यांना या वयात फ्लॅटमध्ये नेणार नाही. फुकट नको, पडलेलं घर म्हणून पाडून मागितलेला भाव पण नको, जो रास्त होईल तो देऊ. पण द्यायचा कोणाला? वेरा (घरपट्टी) बिल अजून माईंच्या सासऱ्यांच्या नावावर येतं, ते १९७१ मध्ये वारले असं आमचे सासरे सांगतात. कोणी असं काही केलंय का? सुरुवात कुठून करू?

मांजलपूर_बी
ताई पहिले सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड काढा. एनीआरओआर या गुजरात सरकारच्या जमीन-नोंदींच्या साइटवर अर्बनमध्ये जाऊन सिटी सर्व्हे नंबर टाकला की दिसतं पण नुसतं मोबाइलवर बघून थांबू नका, कचेरीतून सही-शिक्क्याची नक्कल घ्या. वेरा बिलावर नाव म्हणजे मालकी नाही, ते फक्त कॉर्पोरेशनला बिल कोणाला पाठवायचं ते कळावं म्हणून. कार्डावर धारकाचं नाव, चौरस मीटर, सत्ताप्रकार (जमीन कोणत्या हक्काने धरलीये ते) आणि खाली फेरफार नोंदी असतात. सत्ताप्रकार नक्की बघा. सरकारी भाडेपट्ट्याची जमीन निघाली तर गोष्टच वेगळी होते. मग सबरजिस्ट्रारकडे तीस वर्षांचा सर्च घ्या, म्हणजे मधे कोणी गहाण टाकलंय, विकलंय, काही दस्तावेज झालाय का ते समजेल. मी माझ्या प्लॉटच्या वेळी हे उलट्या क्रमाने केलं, आधी बाना (विसार) दिला मग सर्च काढला, त्यात पावणेदोन वर्षं गेली.

पेठेतला
आमच्या पुण्यात पण हेच, पेठेत असे कितीतरी वाडे आहेत. पण मला एक कळत नाही, किल्ली तुमच्याकडे, वीस वर्षं तुम्हीच बघताय, कायद्यात बारा वर्षांचं आहे ना? बारा वर्षं ताबा असला की मालकी होते म्हणतात. वेरा भरायला लागा, मीटर तुमच्या नावावर करून घ्या, विकत कशाला घेताय?

ओटल्यावरची
@पेठेतला, हे आम्हाला पोळेत पण दोघातिघांनी सांगितलं, तुम्ही चांगल्या मनाने लिहिलंय ते समजलं. पण ती किल्ली विश्वासाने दिलेली आहे हो. सासूबाई होत्या तोवर दर अमावास्येला दार उघडून झाडून यायच्या, त्या गेल्यावर किल्ली देवघरात ठेवलीये. तिच्या जोरावर मकान आमचं म्हणायचं हे सासऱ्यांना चालणार नाही आणि मलाही नाही.

@मांजलपूर_बी कार्डाचं उद्याच करते.

निवृत्त_वकील
चाळीस वर्षं बडोद्याच्या कोर्टात काढली म्हणून लिहितो. ताई, तुमचं मन तर बरोबर आहेच, कायदाही तुमच्याच बाजूने बोलतो.

बारा वर्षांची गोष्ट मुदतीच्या कायद्यातली आहे, १९६३ चा कायदा, अनुच्छेद ६४ आणि ६५. सरकारी जमीन असेल तर तीस वर्षं. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने असंही म्हटलं की अशा ताब्याने हक्क पिकला असेल तर तो माणूस स्वतः दावा लावू शकतो, आधी तो फक्त बचावात वापरता येतो असा समज होता. इथपर्यंत लोक वाचतात. पुढचं वाचत नाहीत. ताबा मालकाच्या विरुद्ध पाहिजे, उघड पाहिजे, सलग पाहिजे, मालकाला कळेल असा पाहिजे. मालकाने स्वतः किल्ली दिली की तुमचा ताबा परवानगीचा झाला आणि परवानगीचा ताबा बाराच काय पन्नास वर्षं राहिला तरी विरुद्ध ताबा होत नाही. त्यावर दावा लावायचा तर किल्ली कशी आली यावर कोर्टात खोटं बोलावं लागेल, आणि समोरच्याकडे एखादं पत्र निघालं की संपलं. वेरा भरल्याच्या पावत्यांनी पण मालकी येत नाही. भरायचा तर भरा, थकबाकी वाढून जप्ती येऊ नये म्हणून, पण पावतीवर नाव मालकाचंच राहू द्या.

तुम्हाला शोधायचंय ते १९७१ मध्ये वारलेल्या माणसाचे सगळे वारस. एक मुलगा सापडला म्हणजे मालक सापडला असं नाही. मृत्युपत्र नसेल आणि मकान त्यांचं स्वकष्टाचं असेल तर १९५६ च्या वारसा कायद्याप्रमाणे मुलगे आणि मुली सारख्या हिश्श्याचे, विधवा हयात असेल तर तिचाही तेवढाच. त्यातलं कोणी गेलं असेल तर त्यांचे वारस. झाड काढा आधी, कागदावर.

अलकापुरी_ईस्ट
वकीलसाहेबांचं म्हणणं सोन्याचं आहे, माझी गोष्ट ऐका. आम्ही २०१२ मध्ये असंच बंद मकान घेतलं, दलालाने एका भावाचं कुलमुखत्यारपत्र आणलं, म्हणाला बहिणींचं काय त्या सासरी गेल्या त्यांचा हक्क सोडून दिलाय. हक्क सोडल्याचा रजिस्टर कागद कुठे आहे हे आम्ही विचारलंच नाही. तीन वर्षांनी धाकटी बहीण आली, सोबत वकील. बरोबरच होतं तिचं. तिच्या हिश्श्याचे पैसे आम्हाला दुसऱ्यांदा द्यावे लागले आणि मुखत्यारपत्र देणारा भाऊ दस्तावेजाच्या आधीच वारला होता हे तेव्हा कळलं, म्हणजे तो कागदच मेलेला होता. माणूस गेला की त्याची पावर पण जाते. बहिणींना सोडून काही करू नका, हात जोडून सांगते.

ओटल्यावरची
अपडेट. प्रॉपर्टी कार्ड मिळालं. माईंच्या सासऱ्यांचं एकट्याचं नाव, नंतर एकही फेरफार नाही. सर्चमध्ये पण काही नाही, गहाण नाही बोजा नाही. ७१ चौरस मीटर.

आता वारस. आम्हाला माहीत होते ते असे. माईंचे यजमान थोरले, १९८९ मध्ये गेले. धाकटे दीर पुण्याला नोकरीत होते, तिथेच स्थायिक झाले. माईंना एक मुलगा (किल्लीवाला) आणि एक मुलगी, तिला इंदूरला दिलेली. एवढंच. पुण्याचा पत्ता नाही, इंदूरचं सासरचं आडनाव सासऱ्यांना अर्धवट आठवतंय.

रावपुरा_टॉवर
२००२ ची मतदारयादी बघा. एसआयआरच्या (मतदारयादीच्या फेरतपासणीच्या) वेळी सगळ्यांनी आपापली नावं त्यात शोधली ना तीच. भाग नंबर काढा, तुमच्या घरनंबराच्या आगेमागे त्यांचा सापडेल. वय, वडलांचं किंवा नवऱ्याचं नाव, सगळं असतं, पेढीनाम्याला (वंशावळीच्या दाखल्याला) पण उपयोगी पडतं.

इंदूरकर_रामबाग
इंदूरचं मी बघतो. इकडे आपल्या लोकांची मंडळं, गणेशोत्सव, दत्तमंदिरं यातून बडोद्याहून आलेली सून शोधणं जमण्यासारखं आहे, अर्धवट आडनाव मला खाजगी निरोपात पाठवा, इथे लिहू नका.

आणि एक विचारतो, माईंच्या अस्थी कुठे नेल्या होत्या? चांदोद की नाशिक? नाशिकला किंवा त्र्यंबकला नेल्या असतील तर तुमचं काम होऊ शकतं. तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे आडनाव आणि मूळगावाप्रमाणे वह्या असतात, जो येतो तो आपल्या हाताने वंशावळ लिहितो, सही करतो, पत्ता घालतो. माझ्या आजोबांच्या आजोबांची मोडीतली नोंद मी स्वतः पाहिलीये, वाचता नाही आली पण खाली सही कोणाची ते गुरुजींनी वाचून दाखवलं. कायद्यात ती नोंद किती धरतात ते वकीलसाहेब सांगतील, पण माणूस शोधायला यासारखं साधन नाही. कंप्युटरवर नाव टाकून जे सापडत नाही ते तिथे अर्ध्या तासात सापडतं.

ओटल्यावरची
@इंदूरकर_रामबाग नाशिक!! सासऱ्यांना विचारलं, ते लगेच म्हणाले नाशिकलाच, तो रात्रीच्या गाडीने गेला होता, मीच स्टेशनवर सोडायला गेलो होतो.

@रावपुरा_टॉवर यादी सापडली, आणि त्यात असं काही निघालं की मी हातातलं काम टाकून बसले. त्या घरनंबरावर चार नावं आहेत. माई, मुलगा, सून आणि चौथ्या एक बाई, वय ६८. मी सासऱ्यांना नाव वाचून दाखवलं तर ते गप्पच झाले, मग म्हणाले अगं त्या वरच्या मजल्यावरच्या आत्या. तेव्हा मलाही आठवलं. माईंच्या नणंद होत्या, लवकर विधवा होऊन माहेरी आल्या, खाली फारशा उतरायच्या नाहीत, मी लग्न होऊन आले तेव्हा संक्रांतीला वर जाऊन तिळगूळ देऊन यायचे. २००३ मध्ये गेल्या. त्या घरात राहिल्या पण त्या घराच्या कोणी होत्या हे आमच्या सगळ्यांच्या डोक्यातून निघून गेलं होतं. त्यांना एक मुलगी आहे, नागपूरला.

निवृत्त_वकील
बरं झालं आत्ता निघालं, दस्तावेजानंतर नाही.

हिशेब बघा, मकान माईंच्या सासऱ्यांच्या स्वकष्टाचं आणि मृत्युपत्र नाही असं धरून. त्यांना दोन मुलगे आणि ही एक मुलगी, म्हणजे प्रत्येक फांदीला एक तृतीयांश. माईंच्या फांदीचा तिसरा भाग त्यांच्या मुलगा-मुलीत अर्धा-अर्धा, पुण्याच्या दिरांच्या मुलांत तसाच. पण आत्यांना एकच मुलगी असेल तर पूर्ण तिसरा भाग तिचा एकटीचा. सगळे जिला विसरले तिचा हिस्सा सगळ्यात मोठा आहे. तिला सोडून उरलेल्यांनी सह्या केल्या असत्या तर तुम्ही दोन तृतीयांश मकान घेतलं असतं आणि पैसे पूर्ण मकानाचे दिले असते.

नाशिकच्या नोंदीबद्दल, नातं दाखवायला तिचा आधार घेता येतो पण कचेरीला मृत्यूचे दाखले, तलाट्याकडचा पेढीनामा, पंचांचे जबाब आणि सोगंदनामा (प्रतिज्ञापत्र) लागेल. त्यावरून सिटी सर्व्हेत वारसाई चढेल. वारसाई चढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पेठेतला
मी आधी जे लिहिलं ते मागे घेतो. आत्यांचं वाचून मी आमच्याच वाड्याचा कागद काढला, त्यात माझ्या आत्याचं नाव नाहीये. घरी बोलणार आहे.

पुण्याच्या दिरांचं मला सांगा, कुठे नोकरीला होते ते कळलं तर निवृत्तांच्या संघटनेत विचारता येतं, मी जाऊन येतो.

ओटल्यावरची
बरेच दिवसांनी लिहितेय, बरंच घडलंय, लांब होईल.

मुलाला घेऊन नाशिकला गेले. रामकुंडावर विचारत विचारत आमच्या नाही, त्यांच्या आडनावाचे उपाध्याय सापडले. गुरुजींनी आधी आम्हालाच विचारलं की तुम्ही त्यांच्या कोण, मी म्हटलं शेजारी. किल्ली दाखवली, का माहीत नाही पण मी ती पर्समध्ये घालून नेली होती. त्यांनी वही काढली. १९७१ ची नोंद, दोघा भावांच्या सह्या, बहिणीचं नाव सासरच्या आडनावासकट. आणि मग २००६. माईंच्या मुलाचं अक्षर, बायको, मुलगी, इंदूरची बहीण, भाचे, आणि डोंबिवलीचा पत्ता. मुलाने फोटो काढू का विचारलं, गुरुजी म्हणाले फोटो नको, लिहून घ्या. आम्ही लिहून घेतलं.

डोंबिवलीच्या सोसायटीत ते राहत नव्हते पण सेक्रेटरी काकांनी अंबरनाथचा पत्ता दिला. दार त्याच्या बायकोने उघडलं. तो २०११ मध्येच गेला. हार्ट. फोन का बंद झाला ते आता कळलं आणि मी किती वर्षं मनात धरून होते की आला नाही, विसरला.

त्यांना वाटत होतं मकान केव्हाच पडलं असेल, किंवा पुण्याच्या लोकांनी विकलं असेल. पुण्याच्या लोकांना वाटत होतं (@पेठेतला तुमचे किती आभार मानू, तुम्ही तीन चकरा मारल्या) की डोंबिवलीच्यांनी विकलं. म्हणून कोणी कोणाला विचारलंच नाही, वाईटपणा नको म्हणून. मी म्हटलं नाही हो, उभं आहे, मागचं छप्पर बसलंय पण पुढचा भाग, चौक, लाकडी खांब सगळं आहे. वहिनींनी विचारलं झोपाळा? झोपाळा पण आहे, कड्या गंजल्यात. त्यांच्या मुलीने ते घर पाहिलेलं आठवत नाही, ती चार वर्षांची होती.

किल्ली मी त्यांच्या हातात दिली. त्यांनी परत माझ्याच हातात ठेवली, म्हणाल्या काकूंकडे दिली होती, तुमच्याकडेच राहू दे.

तर आता सह्या सहा लागतील. अंबरनाथच्या मायलेकी, इंदूरची बहीण (@इंदूरकर_रामबाग यांनी चार दिवसांत शोधली), पुण्याच्या दिरांचे दोन मुलगे, त्यातला एक कॅनडात, आणि आत्यांची नागपूरची मुलगी. पाच जण विकायला तयार आहेत. नागपूरच्या ताई फोनवर म्हणाल्या मला आधी एकदा येऊन बघू दे, आई तिथे वीस वर्षं राहिली, मी बघितल्याशिवाय हो-नाही सांगणार नाही. मी या म्हटलं, आमच्याकडेच उतरा.

प्रश्न आता. एक, कॅनडाच्या भावाचं कसं करायचं? दोन, त्या नाही म्हणाल्या तर? तीन, जूनच्या आत छप्पर झाकायचंय, आत्ता हात लावू शकते का?

निवृत्त_वकील
तिसऱ्याचं आधी, कारण पाऊस कोणासाठी थांबत नाही. सगळ्या वारसांकडून साध्या कागदावर लेखी परवानगी घ्या की ताडपत्री घालायला, छप्पर टेकू देऊन धरायला, पिंपळ काढायला हरकत नाही, खर्च तुम्ही करताय आणि त्याने मालकीवर काही फरक पडत नाही. किल्ली तुमच्याकडे त्यांच्या संमतीने आहे हेही त्यात लिहा. ते तुमच्याही फायद्याचं आहे, उद्या भिंत कोणावर पडली तर प्रश्न येईल. परवानगीची एक प्रत निर्भयता शाखेत द्या, महापालिका कायद्याच्या कलम २६४ ची नोटीस उघडी पडून आहे, मालक काही करतायत एवढं तरी फाइलला लागेल. नाहीतर ते धोकादायक म्हणून उतरवून खर्च मालकाकडून वसूल करू शकतात.

कॅनडा. त्याला यायला जमत नसेल तर ठरावीक याच मकानापुरतं मुखत्यारपत्र, तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून, धाकट्या-थोरल्या जो इथे आहे त्या भावाच्या नावाने. ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथे मुद्रांक भरून घ्यायचं, हे लोक विसरतात. आणि तो अनिवासी असेल तर त्याच्या हिश्श्यावर टीडीएस तुम्हाला कापावा लागेल, पन्नास लाखांच्या आतल्या व्यवहाराला सूट असते ती अनिवासी विकणाऱ्याला लागू नाही. सीए गाठा, माझ्या भरवशावर राहू नका. पैसे प्रत्येकाला त्याच्या खात्यात, हिश्श्याप्रमाणे. एकाच्या हातात सगळे देऊन वाटा म्हणायचं नाही.

बानाखताच्या आधी तुमचा भाग अशांत धाऱ्याच्या (तणावाच्या भागांत मिळकत विकण्यावर बंधन घालणारा कायदा) यादीत आहे का बघा, जुन्या शहरातले बरेच आहेत. असेल तर १९९१ च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरची आधी परवानगी, तिच्याशिवाय झालेला दस्तावेज टिकत नाही. मग पेपरात जाहीर नोटीस.

नागपूरच्या ताई नाही म्हणाल्या तर नाही. बाकीच्यांचे हिस्से विकत घेऊन तुम्ही त्यांच्या सहमालक होऊ शकता, वाटपाचा दावाही लागू शकतो, पण ७१ मीटरच्या घरात वाटप कसलं करणार. मी तुमच्या जागी असतो तर त्यांना येऊ दिलं असतं आणि तोवर कोणाला बाना दिला नसता.

मांजलपूर_बी
बानाखत म्हणजे तुमच्याकडचं साठेखत, पुण्याच्या लोकांसाठी. खर्चाचं पण धरून चाला, मुद्रांक ४.९ टक्के, रजिस्ट्रेशन १ टक्का, फक्त बाईच्या नावावर घेतलं तर तो १ टक्का माफ. एप्रिल २०२३ पासून जंत्री (मिळकतीच्या सरकारी दरांचा तक्ता, त्यावर मुद्रांक धरतात) दुप्पट झालीये ते विसरू नका.

ओटल्यावरची
सुनेच्या नावावर घ्यायचं आधीच ठरलंय, सासऱ्यांनीच सांगितलं.

नागपूरच्या ताई परवा येऊन गेल्या. दोन दिवस राहिल्या. पहिल्या दिवशी त्या एकट्याच वर गेल्या, मी खाली चौकात थांबले, जिना डळमळतोय म्हणून मुलगा मधल्या पायरीवर उभा राहिला. आत्यांची पितळी फिरकीची तांब्याभांडी, एक पोथीचं कपाट आणि भिंतीला खिळ्यावर जपमाळ तशीच होती, वाळवीने कपाट खाल्लंय पण माळ आहे. ती घेऊन त्या खाली आल्या. रात्री जेवताना म्हणाल्या, आईचं नाव त्या कागदावर कधीच आलं नाही ना? मी म्हटलं नाही. म्हणाल्या, मग आधी ते चढवा. वारसाईत तिचं नाव येऊ दे, मग माझं, मग मी सही करते. किमतीबद्दल काही बोलल्या नाहीत.

वकीलसाहेब, हे होतं ना? १९७१ नंतर आधी तिन्ही मुलांची नावं आणि मग त्यांच्या वारसांची, अशी क्रमाने नोंद?

निवृत्त_वकील
होतं. खरं तर तसंच करायला पाहिजे. पेढीनाम्यात आत्यांचं नाव मयत म्हणून मृत्यूच्या तारखेसह येईल आणि नोंदीतही. त्यांचा दाखला कॉर्पोरेशनच्या जन्म-मरण शाखेत २००३ च्या रजिस्टरात मिळेल, नाव सासरच्या आडनावाने शोधा. माईंच्या यजमानांचा १९८९ चा पण लागेल. ते दोन आणले की तलाट्याकडे जायला मी येतो तुमच्याबरोबर, सकाळी अकराच्या आत.

ओटल्यावरची
आत्यांचा मिळाला आज. ८९ चा सोमवारी देतो म्हणालेत. ताडपत्री कालच घातली, सगळ्यांच्या सह्यांचा कागद फाइलला लावलाय.